हळर्ण ते अलोर्ना: लिस्बनच्या फ्रोन्तेइरा वाड्यामागची गोष्ट

मोन्सान्तुच्या रानाला लागून असलेला लिस्बनचा फ्रोन्तेइरा वाडा लोक बघायला जातात तो निळ्या टाइल्स आणि बागेसाठी. सतराव्या शतकात तो शिकारीच्या मुक्कामाला म्हणून बांधला गेला. १७५५ च्या भूकंपात शहरातलं घर गेल्यावर फ्रोन्तेइरा घराणं कायमचं इथे राहायला आलं. ते अजूनही इथेच राहत असल्यामुळे पाहुण्यांना मोजक्याच खोल्या दाखवतात.

आपल्याला खरं अडायला होतं ते नावापाशी. १९८९ मध्ये वाड्यासाठी स्थापन झालेल्या न्यासाच्या नावात फ्रोन्तेइराच्या जोडीला ‘अलोर्ना’ आहे. हे पोर्तुगालातलं गाव नव्हे. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात शापोरा नदीकाठी असलेलं हळर्ण ते हेच. पोर्तुगीज भाषेत ‘ह’ लिहिला तरी उच्चारत नाहीत आणि ‘ळ’ तर त्यांच्याकडे नाहीच, त्यामुळे हळर्णचा अलोर्ना झाला. सावंतवाडीकर भोसल्यांकडचा हा किल्ला १७४६ मध्ये गोव्याच्या तेव्हाच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने घेतला. त्याच्याकडे आधीच ‘कास्तेलु नोव्हु’चा मार्कीश (बड्या सरदाराचा दर्जा) हा किताब होता. १७४८ मध्ये पोर्तुगालच्या राजाने तो बदलून ‘अलोर्ना’ केला. घरच्या गावाचं नाव पुसून जिंकलेल्या गावाचं लावायचं, ही त्या काळची शाबासकी. गंमत म्हणजे किल्ला पुढे पुन्हा भोसल्यांकडे गेला, किताब मात्र परत गेला नाही. पेडणे पोर्तुगीजांकडे कायमचं आलं ते १७८८ मध्ये. पोर्तुगीजांनी गोव्यात मागाहून मिळवलेल्या ज्या मुलखाला आपण नव्या काबिजादी म्हणतो, त्यातला हा शेवटचा तुकडा. तेव्हा ‘अलोर्नाचा विजेता’ हे बिरुद वाचताना थोडं हातचं राखूनच वाचावं.

किताब या वाड्यात आला तो बाईमाणसाच्या वाटेने. व्हाइसरॉयची नात मोठी कवयित्री होती. आईचं माहेर राजद्रोहाच्या खटल्यात सापडल्यामुळे आठव्या वर्षापासून १७७७ पर्यंत ती मठात कैद होती. तिचा भाऊ नेपोलियनच्या फौजेत गेला आणि परमुलखात वारला. किताब तिच्याकडे आला. तिची मुलगी फ्रोन्तेइराच्या मार्कीश घराण्यात दिलेली होती, त्यामुळे १८३९ मध्ये ती गेल्यावर नातवाच्या नावापुढे दोन्ही किताब लागले.

बागेत मोठं तळं आहे, त्याच्या भिंतीवर घोडेस्वारांच्या टाइल्स आहेत आणि वरच्या सज्जात राजांचे अर्धपुतळे. एका गारव्याच्या खोलीच्या भिंतींत चिनी मातीच्या बशांचे तुकडे जडवलेत. राजा ज्या बशांत जेवला त्यांत दुसऱ्या कुणी जेवू नये म्हणून त्या फोडल्या, अशी आख्यायिका सांगतात. आत लढायांचं दालन आहे. तिथे हळर्ण शोधायला जाऊ नका. त्या टाइल्सवरच्या लढाया १६४० ते १६६८ च्या, स्पेनशी झालेल्या.