अमेरिकेची आरोग्यातील पिछाडी

अमेरिकेची संयुक्त संस्थाने हा देश आरोग्यावर जगात सर्वाधिक खर्च करतो, तरीही जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम युरोपातील देशांच्या मानाने तेथील लोक कमी जगतात व अधिक आजारी असतात. २०२३ मध्ये तेथील आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १७.६ टक्के होता. सरासरी आयुर्मान मात्र ७८.४ वर्षे होते. जपानमध्ये ते ८४ च्या घरात आहे. १९८० च्या सुमारास हा फरक फारसा नव्हता, पुढे तो वाढत गेला. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, अमेरिकेचे आयुर्मान ७६.४ पर्यंत घसरले.

नॅशनल रिसर्च कौन्सिल व इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या अमेरिकी संस्थांनी २०१३ मध्ये १७ श्रीमंत देशांची तुलना प्रसिद्ध केली. तीत आयुर्मानात अमेरिकी पुरुष तळाला होते, स्त्रिया शेवटून दुसऱ्या. गरिबी आणि विम्याचा अभाव यांवर सगळे ढकलता येत नाही: सुशिक्षित, विमाधारक, सुस्थितीतील अमेरिकी माणसाची प्रकृतीही इतर देशांतल्या त्याच्यासारख्यांपेक्षा खालावलेली आढळली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचे पुढील आयुष्य मात्र अमेरिकेत इतरांपेक्षा बरे निघाले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल व कर्करोग यांवरील उपचारांतही हा देश मागे नाही. म्हणजे खरी गळती रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधी, तरुण आणि मध्यम वयात होते.

त्या वयातले मृत्यू पाहिले की कारणे उघड होतात. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे ओपिऑइड (अफूसारखा परिणाम करणारे) वेदनाशामक बाजारात आले आणि त्याचे व्यसन जडण्याचा धोका कमी असल्याचे डॉक्टरांना सांगितले गेले. गोळ्यांवर निर्बंध आल्यावर अनेक व्यसनी हेरॉइनकडे वळले. त्यानंतर बेकायदा फेंटानिल हे हेरॉइनहूनही तीव्र कृत्रिम ओपिऑइड आले. २०२१ मध्ये अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी बंदुकीने सुमारे ४८,८०० बळी घेतले. त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. रस्ते अपघातांतील मृत्यूंचे प्रमाणही ब्रिटन किंवा जपानच्या कितीतरी पट आहे. लठ्ठपणा सुमारे ४० टक्के प्रौढांत आढळतो. धूम्रपान आता बरेच घटले आहे.

२०२२ मध्ये अमेरिकेत अर्भक मृत्युदर हजार जन्मांमागे ५.६ होता, जपानमध्ये दोनच्याही खाली. अत्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांची नोंद अमेरिकेत अधिक काटेकोर होते, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. पण पहिला महिना पार केलेली बाळेही तेथे जास्त दगावतात, आणि त्यांच्याबाबत नोंदीचा मुद्दा लागू पडत नाही. २०२१ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांतील मातामृत्यूंचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या अडीच पटींहून अधिक होते.

देशाची सरासरी मोठी तफावत झाकते. २०२० मध्ये हवाईत आयुर्मान ८०.७ वर्षे, तर मिसिसिपीत ७१.९ होते. आशियाई वंशाचे लोक सर्वांत जास्त जगतात. व्हिसाच्या चाळणीतून मुळात शिकलेली, धडधाकट माणसेच आत येतात, हे त्यामागचे एक कारण. त्यांच्यातही भारतीय उपखंडातून गेलेल्यांत, म्हणजे तेथील मराठी कुटुंबांतही, मधुमेह व हृदयविकाराचा धोका अधिक असतो. ‘आशियाई’ या एकाच रकान्यात तो दिसत नाही. २०१० मध्ये शिकागो व सॅन फ्रान्सिस्को परिसरात सुरू झालेल्या ‘मसाला’ या हृदयविकारविषयक अभ्यासात म्हणूनच दक्षिण आशियाई लोकांची स्वतंत्रपणे पाहणी केली जाते.