तेल वाढवून मिश्रण रिच होत नाही

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरला कोणीतरी हौसेने एक्स्पान्शन चेंबरचा (मधे फुगीर, ताकद वाढवणारा) सायलेन्सर बसवतो, सोबत एअर फिल्टरही काढून टाकतो. थोडे दिवस गाडी सुसाट पळते. मग एकदा स्पार्क प्लग काढून बघावा तर पांढराफटक. आणि लगेच सल्ला येतो: "लीन चाललीये, पेट्रोलमध्ये तेल वाढव." लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, रिच म्हणजे जास्त. गॅरेजमध्ये हेच सांगतात, पंपावरच्या रांगेत हेच सांगतात, आयुष्यभर चेतक चालवलेले काकाही हेच सांगतात. सल्ला साफ चुकीचा आहे. नुसता निरुपयोगी असता तर सोडून दिला असता, पण तो उलट्या दिशेने नेतो आणि त्यापायी चांगले बोअर-पिस्टन वाया जातात. या गाड्यांचे अस्सल सुटे भाग मिळवायला आता किती हिंडावं लागतं ते ज्याच्या घरी अशी गाडी आहे त्याला विचारा.

दोन गोष्टी आहेत. पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल किती, ही एक. हवेत पेट्रोल किती, ही दुसरी. पहिली मापाच्या डब्याने ठरते, दुसरी कार्बोरेटरमधल्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागातल्या, जेटने. पहिली इंजिनाच्या वंगणाची बाब, दुसरी जळण्याची.

तेलाचं थोडक्यात. लिटरला २० मिली, म्हणजे २ टक्के, हे चेतकवाल्यांना तोंडपाठ असतं. टाकीत आधी तेल, मग पेट्रोल, म्हणजे नीट मिसळतं. तेल एअर-कूल्ड टू-स्ट्रोकसाठीचंच हवं, जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं. मोटरसायकलचं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल उरलंय म्हणून तेच ओतणारे लोक मला अजिबात समजत नाहीत. ते तेल जळण्यासाठी बनवलेलंच नसतं. त्यातल्या घटकांची राख होते आणि ती प्लगवर, पिस्टनच्या माथ्यावर आणि एक्झॉस्ट पोर्टमध्ये साचते.

तेल खरोखर कुठे कमी पडतं, हे मात्र फार कोणी सांगत नाही. कात्रजचा किंवा खंबाटकीचा घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून, गाडी गिअरमध्ये ठेवून लांबवर आलात, तर इंजिन वेगात फिरतं पण पेट्रोल जवळजवळ येत नाही. पेट्रोल नाही म्हणजे त्यातलं तेलही नाही. अशा उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडा थ्रॉटल द्यावा. डब्यात लिटरला ५० मिली ओतून हा प्रश्न सुटत नाही, कारण जे इंजिनापर्यंत पोचतच नाही ते कितीही दाट असलं तरी काय उपयोग?

आता खरा घोळ.

जेट म्हणजे पितळेचा एक बारीक तुकडा, मधोमध भोक. डेलॉर्टो पद्धतीच्या कार्बोरेटरमध्ये जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० नंबरचा जेट म्हणजे १.०० मिमीचं भोक. या भोकाला आतून काय चाललंय ते कळत नाही. ठरावीक ओढीला ते ठरावीक द्रव सोडतं, मग तो निव्वळ पेट्रोल असो की तेल घातलेलं पेट्रोल. रसवंतीवर पेल्यात बर्फ जास्त टाकला की पेला तेवढाच भरतो, रस मात्र कमी येतो. इथे नेमकं तेच होतं. तेल वाढलं की त्याच जेटमधून जाणाऱ्या द्रवात पेट्रोल कमी होतं.

आकडेच मांडू. १ लिटर पेट्रोलमध्ये २० मिली तेल घातलं तर तयार द्रवाच्या १०० भागांत पेट्रोल ९८ भाग. ५० मिली घातलं तर ९५.२ भाग. म्हणजे पेट्रोल सुमारे ३ टक्क्यांनी घटलं. १०० नंबरच्या जेटच्या जागी ९८ किंवा ९९ नंबरचा बसवला तर जेवढा फरक पडेल, साधारण तेवढा हा फरक. शिवाय तेलाने द्रव जरा दाट होतो आणि जेटमधून थोडा सावकाश जातो, तोही परिणाम त्याच दिशेचा. ३ टक्के कंपनीच्या जेटिंगमध्ये (जेटच्या निवडीत) सहज खपून जातात. पण तुमची गाडी आधीच नव्या सायलेन्सरमुळे आणि उघड्या फिल्टरमुळे लीन झालेली आहे, आणि त्यावर तुम्ही अजून ३ टक्के पेट्रोल काढून घेताय. कडेला उभ्या माणसाला आणखी एक पाऊल मागे सरक म्हणायचं, असा हा उपचार आहे.

"पण तेलही जळतंच ना?" हा प्रश्न हमखास येतो. थोडं जळतं. पण तेलाचं काम जळण्याचं नाही. ते क्रँकच्या बेअरिंगवर, पिस्टनपिनच्या सुयांवर, बोअरच्या भिंतीवर पातळ थर धरून राहतं, आणि बरंचसं अर्धवट जळून धूर होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. हवेबरोबर वाफ होऊन झटकन पेटायचं काम पेट्रोलचं, तिथे तेल त्याची जागा घेऊ शकत नाही.

एवढ्यानेही पटत नसेल तर चेतकच्या शेजारी कायनेटिक होंडा उभी करा. १९८४ मध्ये आलेली ९८ सीसीची ही स्कूटर, गिअर नाहीत, बटन स्टार्ट, आणि तेलाची टाकी वेगळी. तिचा पंप इंजिनाच्या फिरण्यावर चालतो आणि तेल जेटच्या पुढे, हवेच्या वाटेत सोडतो. जेटमधून निव्वळ पेट्रोल जातं. या गाडीत पंपाने तेल कमी सोडलं काय नि जास्त सोडलं काय, जेटमधून येणाऱ्या पेट्रोलमध्ये थेंबाचाही फरक पडत नाही. तेल आणि जेटिंग ही दोन वेगळी खाती आहेत याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. आणि म्हणूनच पंपावर भरवसा नाही म्हणून तो बंद करून पेट्रोलमध्येच तेल मिसळायला लागणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: आता तुमच्या जेटमधून पहिल्यांदाच तेल जायला लागलंय, म्हणजे गाडी आधीपेक्षा किंचित लीन झाली. पंप बंद करायचाच असेल तर मेन जेट (फुल थ्रॉटलवर पेट्रोल देणारा) एक नंबर वरचा बसवून प्लग बघा. मी तरी पंप दुरुस्त करून घेईन.

मग हा गैरसमज इतका चिवट का? कारण तेल वाढवलं की प्लग खरंच काळा होतो. मालक प्लग बघतो, काळा दिसतो, "आता बरोबर झालं" म्हणतो आणि मुंबई-पुणे जुन्या हायवेवर फुल थ्रॉटल देतो. तो काळेपणा तेलाचा आहे. आतली आग आहे तशीच गरम आहे, उलट थोडी जास्तच; फक्त ती सांगणारी खूण तेलाने झाकली गेली. त्यातून रिंगांच्या कडेने जादा तेलाने सीलिंग थोडं सुधारतं, घासलेल्या बोअरची गाडी पहिले काही दिवस बरी वाटते. हा दुसरा चकवा.

म्हणून प्लग नीट वाचायला शिका. पेट्रोल जास्त झालेला प्लग कोरडा काळा असतो, मखमलीसारखी काजळी, बोट लावलं की पुसून येते. तेल जास्त झालेला प्लग ओला आणि चकचकीत काळा, बोटाला चिकट लागतो. लीन प्लगचं पोर्सिलेन पांढरं, कोरडं, फार झालं तर त्यावर बारीक चमकते ठिपके दिसतात. ते वितळलेल्या पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे असतात, आणि ते दिसल्यावर गाडी पुढे नेऊ नये. लीन आणि जादा तेल एकाच वेळी असेल तर आतल्या बाजूला, पोर्सिलेनच्या मुळाशी बघावं लागतं. टोकावरचा रंग तिथे भरवशाचा नाही.

प्लग बघायची वेळही महत्त्वाची. घरी पोचून, सिग्नलवर दहा मिनिटं आयडलिंग केल्यावर काढलेला प्लग मेन जेटबद्दल काहीच सांगत नाही. मोकळा, सरळ, रिकामा रस्ता बघून फुल थ्रॉटलवर थोडं अंतर जा, मग थ्रॉटल तसाच असताना क्लच दाबून इंजिन बंद करा आणि गाडी कडेला घेऊन तिथेच प्लग काढा. प्लग अगदी नवा असेल तर रंग धरायला त्याला आधी थोडं चालवावं लागतं.

धुराचंही तसंच. निळसर-पांढरा धूर तेलाचा. पेट्रोल जास्त असेल तर धूर त्यामानाने काळपट, डोळे चुरचुरतात, कच्च्या पेट्रोलचा वास येतो, आणि फुल थ्रॉटलवर गाडी "बुड-बुड-बुड" करत एकाआड एक स्फोट चुकवते. धूर दिसत नाही म्हणून तेल वाढवू नका. चांगलं लो-स्मोक तेल मुळात फार धूर करत नाही. आणि धूर फार आहे म्हणून कार्बोरेटरचा स्क्रू फिरवू नका. पीयूसी केंद्रात सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा जास्त आला की बरेच जण "तेल कमी कर" म्हणतात, तेही चूकच. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला आयडलिंगवर सीओची मर्यादा ४.५ टक्के आहे, आणि तो आकडा पेट्रोल-हवेच्या प्रमाणावर ठरतो. तेल कमी केल्याने धूर कमी होईल, सीओ जवळपास तिथेच राहील.

एक अपवाद सांगायला हवा. चेतक, एलएमएल अशा वेस्पाच्या घराण्यातल्या गाडीत तेल बरोबर मोजून घातलं, जेटही बरोबर आहे, तरी मागे ढगच्या ढग निघत असतील, तर क्रँकचा क्लचकडचा ऑइल सील गेलेला असण्याची शक्यता मोठी. इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. गिअर ऑइलची पातळी तपासा, कमी झालेली सापडेल. दुसऱ्या बाजूचा, मॅग्नेटकडचा सील गेला तर तेल नाही, बाहेरची हवा आत येते: आयडलिंग आपोआप चढतं, थ्रॉटल सोडल्यावर इंजिन लवकर खाली येत नाही, आणि गाडी लीन होते. त्यावर जेट बदलत बसणं म्हणजे फुकट मेहनत. ट्यूनिंगला हात घालण्याआधी दोन्ही सील तपासावेत.

कार्बोरेटरच्या स्क्रूबद्दल एकच: तो फिल्टरकडच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर काढला की लीन, इंजिनाकडच्या बाजूला असेल तर मिश्रणाचा, बाहेर काढला की रिच. चेतकचा दुसऱ्या प्रकारचा. आणि दोन्ही फक्त आयडलिंग व त्याच्या थोडं वर चालतात, फुल थ्रॉटलवरच्या पांढऱ्या प्लगशी त्यांचा संबंध नाही. चेतकच्या कार्बोरेटरमध्ये मेन जेटच्या डोक्यावर एअर करेक्टर जेट बसतो, त्याचा आकडा वाढला की लीन. दोन्ही जेट बाहेर काढले तर अदलाबदल होऊ देऊ नका.

आता सायलेन्सर बदलायचाच आहे तर. रस्त्यावरच्या गाडीला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला तर पोलीस थांबवतात, आणि बरोबरच करतात; गल्लीत पहाटे तो आवाज कोणालाच नको असतो. जाळी आणि पॅकिंग असलेला घ्या. एअर फिल्टर काढू नका. उघड्या तोंडाने आत जाणारी आपल्या रस्त्यांवरची धूळ बोअर, रिंगा आणि बेअरिंग खाते, आणि त्यातून मिळणारा फायदा कानाला जास्त जाणवतो, रस्त्यावर कमी.

सायलेन्सर बसवल्यावर तेल २ टक्केच ठेवा. मेन जेट मुद्दाम बराच मोठा घेऊन सुरुवात करा, म्हणजे फुल थ्रॉटलवर गाडी बुडबुडली पाहिजे. तिथून एकेक नंबर खाली या. ज्या नंबरला बुडबुड थांबून गाडी स्वच्छ ओढायला लागते, त्याच्या एक नंबर वर थांबा. टॉप स्पीड किंचित कमी मिळेल, ते चालेल. जेट खालून वर चढवत जाऊ नका, कारण त्या वाटेवर लीन बाजूने आधी पिस्टन धरतो (बोअरमध्ये अडकून बसतो) आणि मग तुम्हाला कळतं.

पिस्टन धरलाच, तर तो बाहेर काढून नीट बघा, फेकून देऊ नका. खरवड फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असेल, माथा त्या कडेला खडबडीत किंवा झिजल्यासारखा असेल, तर उष्णतेने गेला: जेट लहान होता, किंवा कुठून तरी हवा येत होती. स्कर्टवर चोहोबाजूंनी उभे ओरखडे असतील आणि पिनच्या सुया निळ्या पडल्या असतील, तर तेल कमी पडलं. पहिल्या प्रकारच्या पिस्टनवर तेलाचा ओला काळा थर असूनही तो गेलेला दिसतो. "तेल वाढव" म्हणणाऱ्याच्या हातात मुद्दाम द्यावा असा तो पुरावा आहे.

आणि जेट चोंदला तर त्यात तार किंवा टाचणी घालू नका. पितळ मऊ असतं, भोक ओरबाडलं जातं आणि १०० चा आकडा कोरलेला जेट १०० चा राहत नाही. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवेचा फवारा मारा, उजेडाकडे धरून भोक गोल दिसतंय का बघा. शंका आली तर नवा घ्या.