रोबोटिक नेफ्रोयुरेटरेक्टमी आणि मेडिक्लेम: मंजुरी नेमकी कुठे अडते

किडनी, तिची मूत्रवाहिनी आणि मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते तिथला छोटा भाग, असं सगळं एकत्र काढायच्या शस्त्रक्रियेला नेफ्रोयुरेटरेक्टमी म्हणतात. बहुतेक वेळा कारण असतं किडनीच्या आतल्या अस्तराचा किंवा मूत्रवाहिनीचा कॅन्सर. ही शस्त्रक्रिया रोबोटने करायची ठरली की कॅशलेसची फाईल हमखास एकदा तरी परत येते, आणि आजार पॉलिसीत बसत असूनही कागदावर मार खाते.

आधी पात्रता. 'रोबोटिक आमच्याकडे कव्हर नाही' असं कुणी फोनवर सांगितलं तर नाव विचारा आणि तेच लेखी मागा. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली. रोबोटिक शस्त्रक्रिया त्यात आहे, त्यामुळे ती सरसकट नाकारता येत नाही. मात्र सब-लिमिट, म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी कमाल मर्यादा, लावायची मुभा कंपनीला आहे, आणि खरी गोम इथेच आहे. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच असलेल्या पॉलिसीत या उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्के मर्यादा आहे. म्हणजे ५ लाखांच्या पॉलिसीत मिळणार जास्तीत जास्त २.५ लाख. समजा बिल ४.५ लाख झालं, तर निदान २ लाख खिशातून. हीच शस्त्रक्रिया लॅप्रोस्कोपिक (छोट्या छिद्रांतून) किंवा ओपन केली तर ही मर्यादा लागत नाही. म्हणून हॉस्पिटलकडून दोन्ही पद्धतींची अंदाजपत्रकं घ्या आणि पॉलिसीतलं 'मॉडर्न ट्रीटमेंट' हे कलम उघडून बघा. एजंटच्या तोंडी आश्वासनावर अॅडमिट होऊ नका.

काही ठिकाणी मर्यादा टाळायला प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरीच्या, फॉर्मवर 'लॅप्रोस्कोपिक' लिहितात आणि शेवटच्या बिलात 'रोबोटिक कन्झ्युमेबल्स' (एकदा वापरून टाकायचं साहित्य) अशी ओळ येते. विसंगती दिसताच क्लेम चौकशीत जातो, आणि भोगावं पेशंटला लागतं. फॉर्मवर सही करण्याआधी शस्त्रक्रियेचं नाव आणि बाजू वाचा. बाजू म्हणजे डावी की उजवी. सोनोग्राफीत 'लेफ्ट', फॉर्मवर 'राइट', एवढ्यावर फाईल थांबते. हॉस्पिटलच्या टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) डेस्कवर घाईत असे फॉर्म भरले जातात, तेव्हा स्वतः तपासलेलं बरं.

आता तो कागद, जो अनेकांकडे नसतोच: शस्त्रक्रियेआधीचा बायोप्सी रिपोर्ट. टीपीएकडून क्वेरी येते, 'कॅन्सरचा पुरावा पाठवा.' या आजारात बाहेरून सुई घालून तुकडा घेणं सहसा टाळतात, कारण सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका असतो. युरेटेरोस्कोपीने, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, मिळणारा तुकडा इतका लहान असतो की पुष्कळदा निष्कर्षच निघत नाही. म्हणून बऱ्याच पेशंटांत सीटी युरोग्राफी (मूत्रमार्गाचा सीटी स्कॅन), लघवीची सायटॉलॉजी (लघवीतल्या पेशींची तपासणी) आणि दुर्बिणीने दिसलेलं चित्र यावर निर्णय होतो. हे टीपीएच्या डॉक्टरला माहीत असायला हवं. तरी क्वेरी येतेच. वाट न बघता युरोलॉजिस्टकडून लेटरहेडवर पत्र घ्या. गाठ कुठे आणि किती सेंटिमीटरची, बायोप्सी का नाही, संपूर्ण किडनी का काढायची आणि रोबोटच का, एवढं त्यात हवं. शेवटच्या मुद्द्याला 'पेशंटची इच्छा' असं कारण कधीही लिहू देऊ नका. ओटीपोटात खोलवर मूत्राशयाचा कफ (मूत्रवाहिनी मिळते तिथला भाग) काढून टाके घालायचे असतात, असं वैद्यकीय कारण हवं.

कारण कॅन्सर नसून क्षयाने किंवा जुन्या अडथळ्याने निकामी झालेली किडनी असेल, तर डीटीपीए स्कॅन सहसा लागतो. दुसरी किडनी किती काम करते हे त्यातून कळतं. मुतखड्याशी संबंध असेल तर अनेक पॉलिसींत २४ महिन्यांचा वेटिंग पिरियड असतो, तेवढ्या काळात क्लेम मिळत नाही. आरोग्य संजीवनीत कॅन्सर त्यातून वगळलेला आहे, म्हणून निदानात नुसतं 'गाठ' न लिहिता कॅन्सरचा संशय स्पष्ट लिहिलेला हवा.

पहिल्या तपासणीच्या कागदावर 'लघवीतून रक्त, ३ वर्षांपासून' असं लिहिलेलं असेल तर आधीपासूनचा आजार म्हणून क्लेम अडू शकतो. डॉक्टरने ३ आठवड्यांच्या जागी घाईत वर्षं लिहिली असतील, तर त्यांच्याच सहीशिक्क्याने दुरुस्ती करून घ्या. खाडाखोड नको. खरोखर ३ वर्षांचा त्रास असेल तर लपवूही नका. जुने रिपोर्ट निघतातच.

आधार, पॅन, पॉलिसीची प्रत, रद्द चेक हे नेहमीचंच.

मुदती मात्र नीट वाचा. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेची सूचना अॅडमिट होण्याच्या किमान ४८ तास आधी द्यावी, असं बऱ्याच पॉलिसींत असतं. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय १ तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत अपेक्षित आहे. तरी क्वेरी आली की तो तास लांबतो, म्हणून फाईल चार दिवस आधीच पाठवा. रिइम्बर्समेंट असेल, म्हणजे आधी स्वतः बिल भरून नंतर पैसे मागायचे असतील, तर कागद द्यायचे ३० दिवस डिस्चार्जपासून मोजतात. लोक हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या भागाच्या तपासणीचा) रिपोर्ट आल्यापासून मोजतात आणि चुकतात. रिपोर्ट यायचा असला तरी फाईल वेळेत द्या, वर 'रिपोर्ट प्रलंबित' लिहा, पोचपावती घ्या आणि नंतर क्लेम नंबर टाकून तो जोडा. अॅडमिट होण्याआधीचा खर्च आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसींत ३० दिवसांपर्यंतचाच धरतात. दीड महिन्यापूर्वीच्या सीटीचे पैसे अशा पॉलिसीत येत नाहीत.

खोलीभाड्याच्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर सर्जनची फी आणि ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) खर्चही त्या प्रमाणात कापतात. औषधं, कन्झ्युमेबल्स आणि तपासण्यांवर ही कपात करता येत नाही. केली असेल तर लेखी हरकत घ्या.

नकार आला तर कोणत्या कलमाखाली, ते पत्रात मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. त्यांनी नाकारलं किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही. नकाराचं पत्र, सर्जनचं पत्र आणि पॉलिसीचं पूर्ण पुस्तक सोबत जोडा. अनेकजण फक्त वरचं एक पान जोडतात आणि वादाचं कलम नेमकं आतल्या पानावर राहतं.