पुरातत्त्वीय देखरेख, बांधकामकालीन

बांधकामासाठी जमीन खोदली जात असताना पुरातत्त्वज्ञाने जागेवर हजर राहून उघडे पडणारे अवशेष नष्ट होण्याआधी नोंदवण्याचे काम. ब्रिटनमध्ये त्याला ‘वॉचिंग ब्रीफ’ म्हणतात. नियोजित उत्खननात जागा, खोली आणि वेग पुरातत्त्वज्ञ ठरवतो. येथे पायाचा आराखडा आणि ठेकेदाराचे वेळापत्रक ठरवते. म्हणून या देखरेखीला उत्खननाचा स्वस्त पर्याय समजणे चूक आहे.

मध्ययुगीन वस्तीसाठी तिची गरज विशेष आहे. हे थर बहुतेक वेळा नव्या इमारतीचा पाया जातो त्याच खोलीवर असतात, आणि त्यांत दगडी भिंतींपेक्षा मातीच्या जमिनी, चुली, लाकडी कुंपणे, कचऱ्याचे खड्डे जास्त. यंत्राला यांतले काहीच अडवत नाही. एका फटक्यात सगळे ढिगाऱ्यात जाते.

इंग्लंडमधील यॉर्क शहरातील कॉपरगेट येथे १९७६ ते १९८१ या काळात वायकिंगकालीन वसाहतीचे मोठे उत्खनन झाले. ओलसर, प्राणवायू न पोहोचणाऱ्या मातीत लाकूड, चामडे, कापडसुद्धा टिकले होते. उत्खनन संपले, बांधकाम सुरू झाले आणि मे १९८२ मध्ये यंत्राचे बकेट एका कठीण वस्तूला लागले. चालकाने यंत्र थांबवून खाली पाहिले. ते आठव्या शतकातील अँग्लो-सॅक्सन लोखंडी शिरस्त्राण होते. त्यावरील पितळी पट्टीवर लॅटिन प्रार्थना आणि ओशेरे हे नाव कोरलेले आहे. चालकाची नजर हीदेखील या पद्धतीचा भाग आहे, हे या शोधाने दाखवले.

लंडनच्या क्रॉसरेल रेल्वेचे काम चालू असताना २०१३ मध्ये चार्टरहाउस स्क्वेअर येथे एका शाफ्टच्या (उभ्या खोल खड्ड्याच्या) खोदाईत २५ सांगाडे मिळाले. १३४८ च्या साथीतील मृतांना या परिसरात पुरल्याचे जुन्या कागदपत्रांतून ठाऊक होते. दातांतील डीएनएमध्ये प्लेगचा जिवाणू सापडला. काही दफने मात्र पंधराव्या शतकातील निघाली.

प्रत्यक्ष कामात दात नसलेल्या रुंद बकेटने पातळ थर उचलला जातो, म्हणजे मातीचा बदललेला रंग दिसतो. खड्ड्याची कड साफ करून तिचे रेखाटन, मोजपट्टीसह छायाचित्रे आणि मातीचे नमुने घेतात. काम कधी व किती वेळ थांबवायचे हे आधीच लेखी ठरलेले असावे लागते; हा मुद्दा मोघम राहिला तर देखरेख नावापुरती उरते. इंग्लंडमध्ये १९९० पासून ही अट नियोजन परवानगीशी जोडली गेली आणि खर्च विकासकावर आला. नॉर्वेत १५३७ पूर्वीच्या सर्व अवशेषांना १९७८ च्या कायद्याने आपोआप संरक्षण आहे.

भारतात १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामास मनाई आहे, त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित आहे. पण पैठण किंवा जुन्नरसारख्या गावाची जुनी पांढर, म्हणजे पूर्वीच्या वस्तीची जागा, स्मारकाभोवतीच्या अशा पट्ट्यात मावत नाही. वाडा पाडून नवा पाया खणताना तेथे जाणकार माणूस हजर असणे अत्यंत निकडीचे आहे. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेले धन) कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. खापरे, राख, जळके धान्य यांना तो कायदा पुरत नाही.