फ्रॅग्मिपेडियम कोवाची : पहिल्या हर्बेरियम नोंदीची पार्श्वभूमी

पेरूतील वनस्पती वाळवून हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, युरोपात नेण्याची परंपरा जुनी आहे; 1777 ते 1788 या काळातील स्पॅनिश मोहिमेचे नमुने आजही माद्रिदमध्ये आहेत. तरीही अँडीजच्या ईशान्य उतारावरील, सुमारे 20 सेंटिमीटर रुंद जांभळट गुलाबी फुलाची ही ऑर्किड 2002 पर्यंत शास्त्राच्या दप्तरी आलेली नव्हती.

त्या वर्षी एका अमेरिकी संग्राहकाने पेरूतील रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून एक रोप विकत घेतले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ते फ्लोरिडातील एका वनस्पतिउद्यानात पोहोचवले. फ्रॅग्मिपेडियम ही संपूर्ण प्रजाती (genus) साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातील वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, सर्वात कडक अशा परिशिष्ट 1 मध्ये आहे आणि रोपासोबत आवश्यक परवाना नव्हता. नोंदणीकृत संस्थांनी आपसांत बिगरव्यापारी तत्त्वावर केलेल्या हर्बेरियम नमुन्यांच्या देवाणघेवाणीला करारात सवलत आहे, परंतु विकत घेऊन आणलेले जिवंत रोप त्या सवलतीत बसत नाही. उद्यानाच्या तज्ज्ञांनी मात्र घाईने वर्णन छापून 12 जूनला जातीला संग्राहकावरून कोवाची हे नाव दिले. पाचच दिवसांनी, 17 जूनला, दुसऱ्या एका अभ्यासकाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यात नाव होते पेरुवियानम.

खरा वाद येथे सुरू होतो. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नाव एका टाइप नमुन्याशी, म्हणजे त्या नावाचा आधार ठरवलेल्या जतन केलेल्या नमुन्याशी, बांधलेले असते आणि आधी वैध रीतीने प्रसिद्ध झालेले नाव टिकते; तो नमुना कायदेशीर मार्गाने आला का, हे संहिता विचारत नाही. पुढे अमेरिकी न्यायालयात संग्राहक आणि उद्यान या दोघांनी गुन्हा कबूल केला, उद्यानाला 5,000 डॉलर दंड झाला, पण नाव जागचे हलले नाही. नावे स्थिर राहावीत म्हणून ही अलिप्तता आवश्यक आहे, असा युक्तिवाद केला जातो आणि तो निराधार नाही. पण ज्या देशातून रोप गेले त्याच्या वाट्याला पेरुवियानम हे केवळ समानार्थी नाव उरले, हेही नोंदवायला हवे.

नमुन्याच्या उपयोगितेचा प्रश्न वेगळाच आहे. हर्बेरियम शीटवरील ठिकाण, उंची आणि तारीख यांवरून जातीचा प्रसार मांडला जातो. विक्रेत्याकडून घेतलेल्या रोपाबाबत संकलकाने स्वतः पाहिलेले मूळ ठिकाणच नसते. उलट, ठिकाणांचा सुगावा लागताच ज्ञात वसाहती ओरबाडल्या गेल्या. नंतर पेरू सरकारने मोजकी रोपे परवान्याने रोपवाटिकांना दिली आणि बियांपासून वाढवलेली रोपे बाजारात आली. धोक्यातील ऑर्किडच्या डिजिटल नोंदींमध्ये आता अचूक अक्षांश-रेखांश सहसा झाकलेले असतात, त्यामुळे प्रामाणिक अभ्यासकालाही ते संस्थेकडे मागावे लागतात.