केनवूड: बिअरने दोनदा वाचवलेली हवेली

लंडनच्या उत्तरेला हॅम्पस्टेड हीथ नावाचं मोठं माळरान आहे. त्याच्या वरच्या टोकाला, उतारावर, पांढरट रंगाची लांबलचक हवेली दिसते. हे केनवूड हाऊस. समोर हिरवळ, खाली तळं, पलीकडे ओक आणि बीचचं जुनं रान. तळ्याच्या कडेला एक पांढरा कमानदार पूलही दिसतो, पण त्यावरून आजवर कोणी पलीकडे गेलेलं नाही. तो पूल नाहीच. लाकडाचा रंगवलेला नुसता दर्शनी भाग आहे, नाटकातल्या पडद्यासारखा. हवेलीच्या खिडकीतून बघणाऱ्याला तळं म्हणजे वाहती नदी वाटावी, एवढंच त्याचं काम. तळ्याचं नाव ‘हजार पौंडी तळं’. तेव्हाच्या बड्या घरांत पैसा कुठे मुरायचा, ते या नावावरून कळतं.

इथलं पहिलं घर सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, राजाचा मुद्रक जॉन बिल याने बांधलेलं. ते पुढे पाडून नवं झालं, मालक बदलत गेले, त्यात फारसं सांगण्यासारखं नाही. खरी गोष्ट सुरू होते 1754 मध्ये. त्या वर्षी विल्यम मरे नावाच्या स्कॉटिश वकिलाने ही जागा घेतली. दोनच वर्षांत तो इंग्लंडचा मुख्य न्यायाधीश झाला, लॉर्ड मॅन्सफिल्ड झाला. पदाला शोभेल असं घर हवं म्हणून त्याने रॉबर्ट अ‍ॅडम या आपल्याच मुलखातल्या वास्तुविशारदाला बोलावलं. 1764 ते 1779 असं पंधरा वर्षं काम चाललं. त्यातलं ग्रंथालय आजही बघणाऱ्याला थबकवतं: दोन्ही टोकांना अर्धगोल कोनाडे, वर पिंपासारखं गोलाकार छत, त्यावर अँतोनियो झुक्कीची चित्रं. मधल्या काळात छतावर सोनेरी रंगाचे थर चढले होते. अलीकडच्या दुरुस्तीत ते काढल्यावर खालचा मूळचा फिकट निळा आणि गुलाबी रंग बाहेर आला.

बाहेरचा गिलावा मात्र फसला. अ‍ॅडम बंधूंनी एका नव्या प्रकारच्या गिलाव्याच्या पेटंटचे हक्क विकत घेतले होते, तोच इथे वापरला, आणि तो टिकला नाही. यापेक्षा संगमरवर लावला असता तर स्वस्त पडलं असतं, असं मॅन्सफिल्ड वैतागून म्हणाला म्हणतात. गंमत अशी की याच गिलाव्याच्या पेटंटचा खटला 1778 मध्ये खुद्द मॅन्सफिल्डसमोर चालला. आज कुठल्याही न्यायाधीशाला अशा खटल्यातून बाजूला व्हावं लागलं असतं. तेव्हा तसं कोणी केलं नाही, आणि निकाल लागला पेटंटवाल्यांच्या बाजूने.

मॅन्सफिल्डचं नाव इतिहासात राहिलं ते वेगळ्या निकालामुळे. 1771 च्या अखेरीस जेम्स सॉमरसेट या गुलामाला त्याचा मालक जबरदस्तीने जहाजावर घालून जमैकाला पाठवत होता. तसं करता येणार नाही, असं मॅन्सफिल्डने 1772 मध्ये सांगितलं. निकाल बेताचाच होता. वसाहतींतल्या गुलामगिरीला त्याने हात लावला नाही, पण लोकांनी त्यातून बरंच मोठं ऐकलं.

त्या वेळी केनवूडमध्येच एक मुलगी वाढत होती. डायडो एलिझाबेथ बेल. तिचा बाप मॅन्सफिल्डचा भाचा, आरमारातला जॉन लिंडसे; तिची आई मारिया ही आफ्रिकी गुलाम स्त्री. मॅन्सफिल्ड दांपत्याला मूल नव्हतं. डायडो आणि एलिझाबेथ मरे ही आणखी एक नात्यातली मुलगी, दोघी इथे एकत्र वाढल्या. पण एकत्र म्हणजे सारखं नव्हे. 1779 मध्ये घरी आलेल्या एका पाहुण्याने डायरीत लिहून ठेवलंय: डायडो पाहुण्यांबरोबर जेवायला बसत नाही, जेवणं उरकल्यावर कॉफीला येते. पंगत वेगळी, माया खरी. असली घरं आपल्याला काही अनोळखी नाहीत. दूधघर आणि कोंबड्या ती बघायची, म्हाताऱ्या न्यायाधीशाची पत्रं लिहून द्यायची. ती स्वतंत्र आहे, हे मॅन्सफिल्डने मृत्युपत्रात मुद्दाम लिहिलं. मुख्य न्यायाधीशाला स्वतःच्या घरातल्या मुलीसाठी हे लेखी द्यावंसं वाटलं, यावरून 1772 च्या निकालाचा आवाका त्याला स्वतःला किती माहीत होता ते समजतं.

आता बिअर. जून 1780 मध्ये लंडनमध्ये कॅथलिकविरोधी दंगल पेटली. कॅथलिकांना झुकतं माप देणारा म्हणून मॅन्सफिल्ड जमावाच्या डोळ्यांवर आला. शहरातलं त्याचं ब्लूम्सबरीचं घर पुस्तकांसकट जळलं. तिथून जमाव केनवूडकडे निघाला. वाटेत स्पॅनिअर्ड्स इन ही सराई लागते. तिच्या मालकाने दंगलखोरांना आग्रह करकरून बिअर पाजली आणि तेवढ्यात शिपाई बोलावून घेतले, अशी हकीकत सांगतात. ग्रंथालय वाचलं. सराई अजून चालू आहे.

मॅन्सफिल्ड 1793 मध्ये वारला. पुतण्याने दाराजवळून जाणारा रस्ता दूर हटवला आणि हंफ्री रेप्टन या उद्यानकाराचा सल्ला घेऊन बाग नव्याने आखली. शेजारच्या हीथचं भांडण वेगळंच होतं. तिथला जमीनदार सर थॉमस मॅरियन विल्सन 1829 पासून माळावर घरं बांधायची परवानगी मागत राहिला, आसपासचे लोक आणि संसदेतले त्यांचे पाठीराखे ती चाळीस वर्षं अडवत राहिले. तो 1869 मध्ये मेला, आणि 1871 च्या कायद्याने माळ सार्वजनिक झाला.

विसाव्या शतकात तीच वेळ केनवूडवर आली. मॅन्सफिल्ड घराण्याचं मन स्कॉटलंडमध्ये, हवेली भाड्याने. 1910 पासून काही वर्षं रशियाचा एक ग्रँड ड्यूक इथे राहत होता. (त्याच सुमारास चालत पाऊण तासाच्या आत, हायगेटमध्ये सावरकरांचं इंडिया हाऊस नुकतं बंद पडलं होतं.) पुढे जमीन बिल्डरांना विकायचं ठरलं. 1922 मध्ये सामानाचा लिलाव झाला आणि अ‍ॅडमने बेतलेलं फर्निचर चहूकडे पांगलं. स्थानिकांनी वर्गणी जमवून रानाचा मोठा भाग सोडवला आणि तो 1925 मध्ये लोकांना खुला झाला. राहिली हवेली आणि तिच्याभोवतीची जमीन. ती घेतली एडवर्ड सेसिल गिनेसने. होय, तेच गिनेस, डब्लिनच्या काळ्या बिअरवाले. तो इथे राहिला नाही. त्याला आपली चित्रं ठेवायला जागा हवी होती. 1927 मध्ये तो गेला तेव्हा घर, बाग आणि रेम्ब्रांट, फर्मेर या डच चित्रकारांच्या कामांसह त्याच्या संग्रहातली निवडक चित्रं जनतेच्या नावे झाली. 1928 पासून दार उघडं आहे, आणि प्रवेश फुकट.

ज्यांच्यासाठी आज बरेच जण इथे येतात, त्या डायडो आणि एलिझाबेथ यांचं मूळ चित्र मात्र केनवूडच्या मालकीचं नाही. ते घराण्याबरोबर स्कॉटलंडला गेलं, स्कोन राजवाड्यात. कित्येक वर्षं त्यावर एकट्या एलिझाबेथचंच नाव होतं.