चित्रापासून आवाज, आवाजापासून आवाज

घरच्या व्हिडिओत सगळ्यात मोठ्याने ऐकू येतो तो बहुतेक वेळा चित्रात न दिसणारा माणूस, म्हणजे कॅमेरा धरणारा. त्याचा श्वास, कॅमेऱ्यावर बोटं घासल्याची खरखर, ‘इकडे बघ, इकडे बघ’ हे पालुपद. माईक कॅमेऱ्यातच बसवलेला, त्याच्या तोंडापासून जेमतेम वीतभर. आणि ज्याचं चित्रण चाललंय तो चार-पाच मीटर लांब. मध्ये पंखा, वारा, रहदारी. भिंग झूम होतं, घरगुती कॅमेऱ्याचा माईक सहसा होत नाही.

हा त्रास निस्तरायला आज आपण संकलनाचं सॉफ्टवेअर उघडतो. त्यात ‘आवाज बंद करा’ आणि ‘नॉइज कमी करा’ ही बटणं शेजारी-शेजारी असतात, म्हणून ती एकाच घरातली वाटतात. तशी ती नाहीत. चित्रापासून आवाज सुटा करणं हा यंत्रांचा प्रश्न होता आणि आवाजातून आवाज सुटा करणं हा गणिताचा. दोन्ही वाटा फार उशिरा एकत्र आल्या.

कोडॅकने १९३२ मध्ये घरगुती वापरासाठी ८ मिलिमीटरची फिल्म आणली तेव्हा असा प्रश्नच नव्हता, कारण ती मूक होती. ऐकू यायची ती फक्त प्रोजेक्टरची टरटर. १९६५ ची सुपर ८ देखील मूकच. १९७३ मध्ये तिच्या कडेला चुंबकीय पट्टी आली, घरच्या चित्रपटाला वाचा फुटली आणि त्याचबरोबर एक विचित्र अडचणही आली. चित्राच्या खिडकीपाशी फिल्म एकेक चौकट थांबत, धक्के खात सरकते. आवाज वाचणाऱ्या हेडवरून मात्र ती एकसारखी वाहावी लागते, नाहीतर सूर थरथरतो. म्हणून हेड खिडकीपासून दूर बसवलेलं असे आणि एखाद्या चौकटीचा आवाज तिच्यापासून १८ चौकटी पुढे मुद्रित होई. सेकंदाला १८ चौकटींचा वेग धरला तर बरोबर एक सेकंद. आता कात्रीने नको असलेला भाग कापा: चित्र एका जागी तुटतं, आवाज दुसऱ्या. खोकला कापायला जावं तर तो तसाच राहायचा आणि पुढचं वाक्य अर्धवट व्हायचं.

व्हिडिओ टेपने हा घोळ मिटवला, पण दुसरा आणला. १९७६ साली आलेल्या व्हीएचएसमध्ये आवाज फितीच्या कडेने सरळ रेषेत मुद्रित होई. फीत सरकण्याचा वेग पाल या टीव्ही-पद्धतीत सेकंदाला अवघा २.३४ सेंटिमीटर, गाण्याच्या साध्या कॅसेटचा ४.७६. वेग कमी म्हणजे सूं-सूं जास्त. फायदा एवढाच, की आवाजाची रेषा चित्रापासून वेगळी असल्याने काही यंत्रांवरचं ‘ऑडिओ डब’चं बटण दाबून तेवढाच आवाज पुसता येई आणि त्या जागी संगीत भरता येई. कित्येक घरच्या कॅसेटींमध्ये माणसं ओठ हलवताना दिसतात आणि ऐकू येते ती बासरी, ते बरेचदा याच बटणामुळे. पुढे १९८५ च्या सुमारास व्हिडिओ ८ चे छोटे कॅमेरे आले. त्यांचा आवाज कानाला कितीतरी चांगला, पण तो फिरत्या हेडने चित्राबरोबरच त्याच तिरक्या पट्ट्यांत लिहिलेला. आवाज पुसायचा तर चित्रही जाणार. दर्जा सुधारला आणि मोकळीक गेली, असं तंत्रज्ञानात अधूनमधून होतंच.

खरी सुटका १९९५ च्या डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओच्या फितीने केली. आवाज आकडे बनून आला, एका वायरीतून संगणकात उतरला आणि टाइमलाइनवर चित्राखाली स्वतःची पट्टी घेऊन बसला. १९९९ मध्ये आयमूव्ही, २००० मध्ये विंडोज मूव्ही मेकर. घरच्या संगणकावर संकलन करणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. पट्टी निवडा, सुटी करा, खोडून टाका. पहिला प्रश्न इथे संपला.

दुसरा मात्र शिल्लक होता. बाळाचे बोबडे बोल हवेत आणि पंख्याची घरघर नको, अशा वेळी अख्खी पट्टी खोडून काय उपयोग?

यातला सोपा भाग जुनाच होता. विजेच्या पुरवठ्यातून शिरणारी गुणगुण ५० हर्ट्झवर असते, काही देशांत ६० वर, आणि पुढे तिच्या पटींमध्ये. तेवढ्या अरुंद जागा कापणारा फिल्टर लावला की ती जाते. वाऱ्याचा गडगडाट बहुतांशी खालच्या पट्टीत असतो. साधारण ८०-१०० हर्ट्झच्या खालचं छाटलं तर बोलण्याला फारसा धक्का लागत नाही. पंखा आणि टेपची सूं-सूं यांना हा उपाय चालत नाही, कारण ती माणसाच्या आवाजाच्याच जागेत पसरलेली असते.

१९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी ध्वनीसारख्या संकेताचं त्याच्या घटक वारंवारतांमध्ये झपाट्याने विघटन करणारी गणनपद्धत मांडली. तिच्या आधारावर युटा विद्यापीठातल्या स्टीव्हन बोल यांनी १९७९ मध्ये सुचवलेली युक्ती ऐकायला अगदी बाळबोध वाटते. कोणी बोलत नसताना फक्त गोंगाट कसा आहे ते मोजा, आणि मग सगळीकडून तेवढा वजा करा. पण गोंगाट क्षणोक्षणी थोडा हलतो, आपण वजा करतो ती सरासरी. उरलेसुरले ठिपके किणकिणत राहतात, पाण्याखाली कोणीतरी घंटा वाजवतंय असे. अभियंते याला ‘म्युझिकल नॉइज’ म्हणतात. त्यात संगीत औषधालाही नसतं. त्याच वर्षी बेरूती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय दिला: जरा जास्तच वजा करा, पण तळाशी थोडा गोंगाट मुद्दाम राहू द्या, म्हणजे ती किणकिण त्यात झाकली जाईल. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज शंभर टक्के काढल्यावर आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि थोडा राहू दिला तर बरा वाटतो, त्याचं मूळ इथे आहे.

याच धाटणीची पद्धत कूल एडिटमध्ये आणि पुढे ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घरोघरी पोहोचली. नुसत्या गोंगाटाचा अर्धा-एक सेकंद निवडायचा, त्याचा नमुना घ्यायचा, मग पूर्ण पट्टीवर लावायचा. पण घरगुती कॅमेरा इथे दगा देतो. त्यात आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रणा असते. खोलीत शांतता झाली की ती माईक वाढवते, कोणी ओरडलं की दाबते. त्यामुळे पंखा एकसारखा फिरत असूनही मुद्रणात त्याची घरघर श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते. शांत क्षणी घेतलेला नमुना बोलण्याखालच्या गोंगाटाशी जुळत नाही. सॉफ्टवेअरला लोक नावं ठेवतात. बरेचदा दोष चित्रीकरणाच्याच वेळी घडलेला असतो.

अचानक वाजलेला फोन किंवा कुत्र्याचं भुंकणं यांवर नमुन्याची युक्ती लंगडी पडते. तिथे नकाशा कामी आला: आडवा काळ, उभी वारंवारता, आणि जिथे आवाज मोठा तिथे उजळ रंग. २००७ मध्ये आलेल्या आयझोटोप आरएक्स या सॉफ्टवेअरने या नकाशावर थेट डागडुजी करणं सोपं केलं. फोनची रिंग समांतर रेघांसारखी दिसते; ती निवडायची आणि आजूबाजूच्या पोताने बुजवायची, फोटोवरचा डाग काढतात तशी.

गेल्या दशकात मोजमाप सोडून शिकवणीकडे मोर्चा वळला. झाँ-मार्क वॅलाँ यांच्या २०१७ च्या आरएननॉइज या सॉफ्टवेअरमध्ये छोटं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेला प्रोग्राम, ध्वनीच्या २२ पट्ट्यांपैकी कोणती किती दाबायची ते क्षणोक्षणी ठरवतं. अशा नेटवर्कला स्वच्छ बोलण्यात गोंगाट मिसळून शिकवलेलं असतं, म्हणून बोलणं ठेवायचं आणि बाकीचं दाबायचं हा त्याचा धर्म. बातमी किंवा मुलाखतीसाठी हे ठीक. घरच्या व्हिडिओत मात्र टाळ्या, हुंकार, बाळाचं खिदळणं, दूर कोणीतरी गुणगुणत असलेलं गाणं हे सगळं ‘बाकीच्या’त जाऊ शकतं.

ऑडॅसिटीच्या नॉइज कमी करण्याच्या खिडकीत ‘रेसिड्यू’ नावाचा एक पर्याय आहे. तो निवडला की साफ केलेल्या आवाजाऐवजी काढून टाकलेला आवाजच ऐकायला मिळतो. आधी नुसता फसफसाट ऐकू येतो. हेडफोन लावून नीट ऐकलं, की कधी कधी त्याच्या तळाशी कोणाच्या तरी वाक्यांच्या कडा लागतात: ‘स’, ‘श’, आणि एखादं अर्धं हसू.